आपलीच गोष्ट उशिरा कळलेला लेखक

मोबाइलवर दोन अक्षरं टाइप केली की वर शब्दांचे पर्याय येतात आणि तुम्ही त्यातला एक निवडता, बरोबर? साधारण याच पद्धतीनं चालणारं यंत्र एका चिनी लेखकानं १९४७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये दाखवलं होतं. त्यांचं नाव लिन यूतांग.

लिन यांचा जन्म १८९५ चा, फुजियान प्रांतातल्या डोंगराळ भागातला. वडील ख्रिस्ती पाद्री. शाळा मिशनची, कॉलेज शांघायचं. इंग्रजी एकदम फर्डं. पण १९१६ मध्ये शिकवण्यासाठी बीजिंगला गेले आणि धक्काच बसला. तुतारीच्या आवाजानं यरीहोच्या भिंती कोसळल्या, ही बायबलमधली गोष्ट त्यांना लहानपणापासून ठाऊक होती. नवऱ्यासाठी रडून चीनची भिंत पाडणाऱ्या मंग च्यांगन्यूची लोककथा मात्र माहीतच नव्हती. ती तर तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत! लिन यांना लाज वाटली, रागही आला. मग त्यांनी जुन्या पुस्तकांच्या दुकानांत ठाण मांडलं आणि आपलंच साहित्य नव्यानं शिकायला घेतलं.

पुढे हार्वर्ड, मग जर्मनीत डॉक्टरेट. १९३५ मध्ये चिनी माणसाची ओळख करून देणारं त्यांचं ‘माय कंट्री अँड माय पीपल’ अमेरिकेत गाजलं. पुढच्याच वर्षी ते कुटुंबासह तिकडे गेले. मायदेशात मात्र टोमणे सुरू झाले. चिनी भाषेत ‘माय’ या उच्चाराचा एक अर्थ आहे विकणं. टीकाकारांनी कोटी केली, की यांनी देशच विकायला काढला! इकडचे म्हणतात परका, तिकडचे म्हणतात चिनी. परदेशात राहून लिहिणाऱ्या कित्येकांची हीच कोंडी.

पुस्तकांतून मिळालेला पैसा लिन यांनी चिनी टाइपरायटरमध्ये ओतला. खर्च सुमारे १,२०,००० डॉलर, कर्जही झालं. हजारो चिन्हांची भाषा फक्त ७२ बटणांवर! दोन बटणं दाबली की छोट्या खिडकीत आठपर्यंत चिन्हं दिसायची, त्यातलं हवं ते निवडायचं. पण कंपनीला दाखवायच्या दिवशीच यंत्र अडलं. ते बाजारात कधी आलंच नाही. त्याचा एकमेव नमुना २०२५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका तळघरात सापडला.

लिन मात्र थांबले नाहीत. १९७२ मध्ये त्यांचा चिनी-इंग्रजी शब्दकोश आला. १९७६ मध्ये ते हाँगकाँगमध्ये गेले. दफन झालं तैपेईतल्या घराच्या आवारात.

इंग्रजीत शिकलात म्हणून आपली भाषा सुटली, असं वाटतंय? लिन यांनी विशीत नव्यानं सुरुवात केली होती. तुम्हीही तिथेच आहात की!