इटलीच्या पंतप्रधानाने कियांती वाईनचा फॉर्म्युला दिला, कायद्याने त्यातली अर्धीच गोष्ट उचलली

इटलीचं एकीकरण म्हटलं की आपल्याला दोन नावं आठवतात, मॅझिनी आणि गॅरिबाल्डी. मॅझिनी तर सावरकरांच्या पुस्तकामुळे आपल्याकडे पोचला. पण त्याच धामधुमीत आणखी एक गडी होता. तो दोनदा इटलीचा पंतप्रधान झाला, पण आज जग त्याला ओळखतं ते रेड वाईनमुळे. नाव बेत्तिनो रिकासोली.

जन्म १८०९ चा, फ्लॉरेन्सचा. घराणं सरदारांचं, तस्कनीतला ब्रोलिओचा किल्ला १२ व्या शतकापासून त्यांच्याकडे. पण वडील लहानपणीच गेले, विशीच्या आत आईही गेली आणि पोराच्या वाट्याला आलं कर्ज. वर धाकट्या भावांची जबाबदारी.

१८३० मध्ये लग्न झालं. आख्यायिका अशी सांगतात की फ्लॉरेन्सच्या एका मेजवानीत कुणी तरुण त्याच्या बायकोसोबत जरा जास्तच नाचला. यानं तिला तिथूनच बग्गीत बसवलं आणि बर्फातून थेट ब्रोलिओ गाठलं. खरंखोटं देव जाणे, पण ज्याला लोक 'लोखंडी बॅरन' म्हणायचे त्याला किस्सा शोभतो. तिचं काय झालं असेल, हे मात्र आख्यायिका सांगत नाही.

शेती नफ्यात आणायची तर वाईन सुधारायला हवी, हे त्यानं ओळखलं. १८५१ मध्ये फ्रान्सला जाऊन तिथले द्राक्षमळे पाहून आला. मग मध्येच राजकारण आलं. १८६० मध्ये तस्कनीत सार्वमत घेऊन तो प्रांत एकसंध इटलीकडे नेण्यात त्याचा मोठा वाटा होता. १८६१ मध्ये काव्हूर वारला आणि पंतप्रधानपद याच्याकडे आलं. १८६६ मध्ये पुन्हा एकदा. दोन्ही वेळा वर्षभरही टिकला नाही.

वाईनचे प्रयोग मात्र कित्येक वर्षं चालले. १८७२ मध्ये त्यानं पिसा विद्यापीठातल्या प्राध्यापक स्तुदियाती यांना पत्र लिहून निष्कर्ष कळवला. सांजोव्हेझे द्राक्षानं वाईनला सुगंध आणि जोम येतो. कानायोलो तिचा कडकपणा मऊ करतं. तिसरं माल्व्हाझिया, हे पांढरं द्राक्ष. त्यानं वाईन हलकी होते, रोजच्या जेवणात प्यायला बरी पडते. पण वर्षानुवर्षं मुरवायची असेल तर याची गरज नाही.

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा.

चव कशी? आंबटसर चेरीची आठवण देणारी, जिभेवर जांभळासारखा तुरटपणा सोडणारी. हा आंबटपणाच जेवणात कामाला येतो. टोमॅटोच्या सॉसमधला पास्ता घेतला तर सॉसच्या आंबटपणापुढे मवाळ वाईन पाणचट लागते, ही तग धरते. निखाऱ्यावर भाजलेला फ्लॉरेन्सचा जाडजूड बीफ स्टेक असेल तर तुरटपणा मांसाच्या चरबीला कापतो. मेंढीच्या दुधाचं पेकोरिनो चीजही तिच्यासोबत छान लागतं. नुसती प्यायली तर कडक वाटेल, कारण ती जेवणासोबतचीच वाईन आहे.

१८८० मध्ये रिकासोली ब्रोलिओतच वारला. आणि १९६७ मध्ये इटलीनं कियांतीचे नियम कायद्यात बसवले. आधार याच्याच फॉर्म्युल्याचा, पण १० ते ३० टक्के पांढरी द्राक्षं सक्तीची! त्यातही त्रेब्बियानो नावाचं बेचव द्राक्ष चालायचं, ज्याचं त्याच्या फॉर्म्युल्यात नावही नव्हतं. मुरवायच्या वाईनबद्दलची त्याची अट गायबच.

वाईन पातळ झाली, नाव खराब झालं. गवतात गुंडाळलेल्या गोलमटोल बाटलीतली स्वस्त वाईन, एवढीच तिची ओळख उरली. काही चांगल्या उत्पादकांनी तर कियांती हे नावच सोडलं आणि आपली वाईन साधी 'टेबल वाईन' म्हणून विकली. पुढे पांढऱ्या द्राक्षांचं प्रमाण कमी होत गेलं आणि २००६ च्या हंगामापासून कियांती क्लासिकोमध्ये त्यांच्यावर बंदीच आली. आता तिथे किमान ८० टक्के सांजोव्हेझे लागतं.

ब्रोलिओत आजही रिकासोली घराणंच वाईन बनवतं.