द्वारकानाथ कोटणीस

डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस (जन्म : १० ऑक्टोबर १९१०, सोलापूर, मृत्यू : ९ डिसेंबर १९४२, हेबेई प्रांत, चीन) हे चीन-जपान युद्धात चिनी सैनिकांची वैद्यकीय सेवा करणारे मराठी डॉक्टर होते. चीनमध्ये ते के दिहुआ या नावाने ओळखले जातात.

मुंबईच्या सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून त्यांनी पदवी घेतली. सेनापती चू ते यांनी जवाहरलाल नेहरूंकडे मदत मागितल्यावर १९३८ मध्ये काँग्रेसने डॉ. अटल यांच्या नेतृत्वाखाली पाच डॉक्टरांचे पथक चीनला पाठवले. त्यात कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर हे दोघे महाराष्ट्रातील होते.

फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक यानानला पोहोचले. पुढे कोटणीस आठव्या मार्ग सेनेबरोबर उत्तर चीनच्या डोंगराळ युद्धक्षेत्रात गेले. १९४० च्या एका लढाईत त्यांनी सलग ७२ तास शस्त्रक्रिया केल्याचे सांगितले जाते. जानेवारी १९४१ मध्ये ते बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले. त्याच वर्षी त्यांनी परिचारिका ग्वो चिंगलान यांच्याशी विवाह केला. अपस्माराच्या झटक्यांनी वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

== चित्रपटातील प्रतिमा ==

बहुसंख्य भारतीयांना कोटणीस माहीत झाले ते ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकावर आधारित, व्ही. शांताराम दिग्दर्शित 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' (१९४६) या चित्रपटामुळे. मुख्य भूमिका शांताराम व जयश्री यांच्या होत्या. संगीत वसंत देसाईंचे होते. जपानविरोधी कथानक ब्रिटिश सरकारच्या युद्धप्रचाराला पोषक होते. नायक मात्र काँग्रेसने पाठवलेला होता.

चित्रीकरण भारतातच झाले. त्यामुळे त्यातील छावण्या, जखमी सैनिक व बॉम्बवर्षाव ही युद्धकाळातील अस्सल दृश्ये नव्हेत, हे त्यातील चित्रे पाहताना ध्यानात घ्यावे लागते. कथानकातही बरेच स्वातंत्र्य घेतले आहे. पडद्यावरील कोटणीस प्लेगवरील उपायासाठी स्वतःच्या शरीरावर प्रयोग करतात आणि शेवटी त्यांची पत्नी बाळाला घेऊन सोलापूरला येते. प्रत्यक्षात ग्वो चिंगलान चीनमध्येच राहिल्या. त्यांनी भारताला भेटी दिल्या त्या पुष्कळ वर्षांनंतर. १९८२ मध्ये चीनमध्येही कोटणीसांवर चित्रपट निघाला.

वडिलांच्या मृत्यूच्या वेळी मुलगा यिनहुआ काही महिन्यांचाच होता. त्याच्या नावातील दोन अक्षरे भारत आणि चीन या देशांची आहेत. वैद्यकीय शिक्षण घेत असताना १९६७ मध्ये त्याचे निधन झाले. ग्वो चिंगलान २०१२ मध्ये वारल्या.