मायकेल पॉवेल : एका चित्रपटाची किंमत

(द्वितीय वर्ष कला)

इंग्लंडच्या केंट परगण्यात, कँटरबरीजवळच्या एका खेड्यात, ३० सप्टेंबर १९०५ रोजी मायकेल पॉवेल यांचा जन्म झाला. वडील शेतकरी होते. १९२२ साली मुलगा बँकेत नोकरीला लागला, पण खतावण्यांत त्याचे मन रमेना. १९२५ मध्ये दक्षिण फ्रान्समधील नीस येथे रेक्स इन्ग्रॅम या दिग्दर्शकाच्या स्टुडिओत पॉवेल यांनी पडेल ते काम पत्करले. जमीन झाडण्यापासून त्यांची चित्रपटसृष्टीतील उमेदवारी सुरू झाली.

इंग्लंडात त्या वेळी चित्रपटगृहांना ठराविक प्रमाणात ब्रिटिश चित्रपट दाखवणे कायद्याने भाग होते. त्यासाठी स्वस्तातले, तासाभराचे चित्रपट भराभर काढले जात. १९३१ ते १९३६ या काळात पॉवेल यांनी असे वीसहून अधिक चित्रपट दिग्दर्शित केले. थोड्या पैशांत आणि थोड्या दिवसांत काम कसे उरकावे, हे त्यांना या शाळेने शिकवले.

पुढे हिटलरच्या जर्मनीतून निसटलेले हंगेरीचे ज्यू लेखक एमेरिक प्रेसबर्गर त्यांना भेटले आणि एक अजोड जोडी जमली. १९४३ मध्ये दोघांनी 'द आर्चर्स' ही संस्था काढली. लेखन, निर्मिती, दिग्दर्शन या साऱ्यांखाली दोघांची नावे एकत्र येत. १९४७ चा 'ब्लॅक नार्सिसस' हिमालयात घडतो, पण त्यातील हिमालय लंडनजवळच्या स्टुडिओत रंगवलेला आहे. आपल्या म्हैसूर संस्थानात जन्मलेल्या साबूची त्यात भूमिका आहे. १९४८ च्या 'द रेड शूज'ने तर त्यांची कीर्ती अमेरिकेपर्यंत नेली. १९५७ च्या सुमारास ही जोडी सलोख्याने वेगळी झाली.

आणि १९६० मध्ये 'पीपिंग टॉम' आला. माझ्या दृष्टीने पॉवेल यांच्या आयुष्याचा हाच मध्यबिंदू आहे.

चित्रपट कमी खर्चाचा. कथा लिओ मार्क्स यांची. हे गृहस्थ महायुद्धात ब्रिटिश गुप्तहेरांसाठी सांकेतिक लिपीचे काम करीत. कथेचा नायक मार्क हा स्टुडिओत कॅमेऱ्यावर साहाय्यक आहे. तो स्त्रियांचे खून करतो आणि मरतानाची त्यांची भीती चित्रित करतो. एवढ्यावरून हा नेहमीचा खुनाचा चित्रपट वाटेल. पण मार्कच्या खोलीत जुन्या फिती आहेत. त्याचे वडील नामांकित शास्त्रज्ञ. भीती हा त्यांच्या अभ्यासाचा विषय आणि पोटचा मुलगा हे अभ्यासाचे साधन. झोपलेल्या पोराच्या डोळ्यांवर प्रकाशझोत टाकायचा, अंथरुणावर पाल सोडायची आणि तो किंचाळला की कॅमेरा चालू ठेवायचा. आई गेली तेव्हाही कॅमेरा थांबला नाही. घरातल्या खोल्याखोल्यांतून ध्वनिग्राहक लावलेले होते. त्या मुलाला एकट्याने रडायलाही जागा नव्हती.

आमच्या चित्रपट मंडळात हा चित्रपट पाहताना मला खुनांपेक्षा दुसऱ्याच एका प्रसंगाची भीती वाटली. एक मानसोपचारतज्ज्ञ मार्कला भेटतो आणि त्याच्या वडिलांच्या विद्वत्तेचे कौतुक करतो. समोरच्या मुलाचे काय झाले आहे, याकडे त्याचे लक्षच नाही. जगाने त्या छळाला ज्ञान म्हटले आणि त्याचे ग्रंथ करून कपाटात मांडले. खाली राहणारी हेलन ही तरुणी तेवढी ती फीत पाहून कळवळते आणि ती बंद करायला सांगते.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. आमच्याकडे असे ग्रंथ नाहीत, पण शब्द आहेत. पोराला पट्ट्याने मारले तर त्याला वळण लावणे म्हणतात. रात्री शेजारून रडणे ऐकू आले की माणसे दूरदर्शन संचाचा आवाज वाढवतात. घरचे घरातच राहावे, झाकली मूठ सव्वा लाखाची. म्हणून लंडनमधल्या त्या घराचे मला नवल वाटले नाही. नवल वाटले ते ही मूठ कोणीतरी भर चित्रपटगृहात उघडली याचे.

ती उघडताना पॉवेल यांनी स्वतःला बाजूला ठेवले नाही. त्या फितींतील बापाची भूमिका त्यांनी स्वतः केली आणि लहान मार्कचे काम आपल्या मुलाला, कोलंबाला, दिले. मुलाला असे उभे करणे योग्य होते का, हा प्रश्न मला छळतो आणि त्याचे सोपे उत्तर मला सापडत नाही. परंतु कॅमेऱ्यामागचा माणूसही निर्दोष नसतो, हे सांगायला त्यांनी दुसऱ्या कोणाचा चेहरा उसना घेतला नाही, हेही खरे.

किंमत जबर पडली. लंडनच्या समीक्षकांनी चित्रपटावर अक्षरशः तुटून पडून त्याची अवहेलना केली आणि वितरकांनी तो लवकरच मागे घेतला. त्याच वर्षी आलेला हिचकॉक यांचा 'सायको' मात्र तुफान चालला. पॉवेल यांना इंग्लंडात काम मिळणे दुरापास्त झाले. १९६६ आणि १९६९ चे त्यांचे चित्रपट ऑस्ट्रेलियात झाले. पन्नाशीत, ऐन उमेदीत, एवढा मोठा कलावंत जवळजवळ विसरला गेला.

त्यांना पुन्हा शोधून काढले ते अमेरिकेतील तरुणांनी. दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या खटपटीने १९७९ मध्ये 'पीपिंग टॉम' न्यूयॉर्कच्या महोत्सवात झळकला. १९८१ मध्ये ब्रिटिश अकादमीने पॉवेल आणि प्रेसबर्गर यांना आपला सर्वोच्च सन्मान दिला. १९८४ मध्ये स्कॉर्सेसी यांच्या संकलक थेल्मा शूनमेकर यांच्याशी पॉवेल यांचा विवाह झाला. १९८६ मध्ये आत्मचरित्राचा पहिला खंड निघाला. १९ फेब्रुवारी १९९० रोजी त्यांचे निधन झाले.

राक्षस जंगलात राहतो असे सांगणाऱ्याला लोक बक्षीस देतात. तो घरात, वडिलांच्या खोलीत, पुस्तकांच्या कपाटापाशी राहू शकतो असे सांगणाऱ्याला ते गावाबाहेर काढतात. पॉवेल यांना परत आत घ्यायला जवळजवळ वीस वर्षे लागली. आपल्या शेजारचे ते रडणे ऐकायला आपल्याला किती वर्षे लागणार आहेत?