अक्कलदाढ, वायू आणि होरेस वेल्स

अक्कलदाढ काढायची म्हटले की आजही पोटात गोळा येतो. होरेस वेल्स यांच्या काळात तर बधिर करणारे इंजेक्शनच नव्हते. रुग्णाला घट्ट धरून ठेवायचे आणि पकडीने दाढ उपटायची, एवढाच उपाय होता.

वेल्स यांचा जन्म २१ जानेवारी १८१५ रोजी अमेरिकेतील व्हरमाँटमध्ये झाला. १८३६ पासून ते हार्टफर्ड शहरात दंतवैद्य होते. रुग्णांचे हाल त्यांना अस्वस्थ करत. १० डिसेंबर १८४४ रोजी ते गार्डनर कोल्टन यांचा नायट्रस ऑक्साइडचा, म्हणजे हसवणाऱ्या वायूचा, खेळ पाहायला गेले. वायू हुंगलेल्या एका तरुणाच्या पायाला जखम झाली, पण त्याला काहीच जाणवले नाही. प्रेक्षक हसले. वेल्स मात्र विचारात पडले.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी स्वतःवर प्रयोग केला. कोल्टन यांनी वायू दिला आणि सहकारी जॉन रिग्ज यांनी वेल्स यांची दाढ काढली. वेदना जवळपास झालीच नाही. पुढच्या काही आठवड्यांत त्यांनी अनेक रुग्णांवर ही पद्धत वापरली.

जानेवारी १८४५ मध्ये बोस्टनला वैद्यकीय विद्यार्थ्यांसमोर त्यांनी प्रात्यक्षिक दाखवले. वायूची पिशवी जरा लवकर बाजूला झाली, रुग्ण ओरडला आणि सभेने वेल्स यांना लबाड ठरवले. पुढच्याच वर्षी त्यांचे जुने सहकारी विल्यम मॉर्टन यांनी त्याच शहरात ईथर वापरून यश मिळवले. वेल्स खचले. क्लोरोफॉर्मचे प्रयोग स्वतःवर करता करता ते त्याच्या आहारी गेले आणि २४ जानेवारी १८४८ रोजी, वयाच्या अवघ्या ३३ व्या वर्षी, न्यूयॉर्कच्या तुरुंगात त्यांनी आयुष्य संपवले. १८६४ मध्ये अमेरिकन दंतवैद्यक संघटनेने भूल देण्याच्या शोधाचे श्रेय त्यांना दिले.

बोस्टनमध्ये वायू खोटा नव्हता, मात्रा आणि वेळ चुकली होती. आजही वेदनाशामक घेताना याच दोन गोष्टी महत्त्वाच्या ठरतात. दाढ काढल्यावर जखमेत प्रोस्टाग्लँडिन तयार होते. त्यामुळे सूज येते आणि ठणका लागतो. आयबुप्रोफेनसारखी औषधे ते तयार होऊ देत नाहीत, म्हणून काही दंतवैद्य शस्त्रक्रियेपूर्वीच गोळी देतात. ती आधी दिल्याचा फायदा सर्वच अभ्यासांत सारखा आढळलेला नाही. मात्र बधिरपणा उतरण्याआधी औषधाचा परिणाम सुरू झालेला असावा, हे सूत्र उपयोगी आहे. बावड्याहून अकलूज किंवा इंदापूरला दाढ काढायला गेलेल्याचा बधिरपणा परतीच्या वाटेवर किंवा घरी पोहोचताच उतरू शकतो. त्यामुळे पहिली गोळी कधी घ्यायची, हे दवाखान्यातून निघण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

गोळी मनाने घेऊ नये. पोटात व्रण, मूत्रपिंडाचा विकार, दमा किंवा गर्भावस्था असेल, अथवा रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, तर आधी सांगावे. अशा वेळी दंतवैद्य पॅरासिटामॉलसारखा दुसरा पर्याय सुचवू शकतात.