अरण्यातील दवाखाना

आफ्रिका खंडाच्या पश्चिम भागात, विषुववृत्ताच्या अगदी जवळ, ओगोवे नावाची एक विशाल नदी वाहते. तिच्या दोन्ही तीरांवर घनदाट अरण्य पसरलेले आहे. या नदीच्या काठी लांबारेने नावाचे गाव आहे. १९१३ सालच्या एप्रिल महिन्यात एक युरोपीय दांपत्य होडीतून या गावी येऊन उतरले. त्यांच्या सामानात औषधांनी व मलमपट्ट्यांनी भरलेल्या सुमारे सत्तर पेट्या होत्या. ते दांपत्य म्हणजे डॉक्टर आल्बर्ट श्वाइट्झर आणि त्यांच्या पत्नी हेलेन.

आल्बर्ट यांचा जन्म १४ जानेवारी १८७५ रोजी आल्सेस प्रांतात झाला. त्यांचे वडील धर्मोपदेशक होते. ग्युन्सबाख या खेड्यात आल्बर्ट यांचे बालपण सुखात गेले. पुढे स्ट्रासबुर्ग येथील विद्यापीठात ते अध्यापक झाले. धर्मशास्त्र व तत्त्वज्ञान या विषयांत त्यांनी मोठा लौकिक मिळवला. ऑर्गन हे वाद्य वाजवण्यातही त्यांची बरोबरी करणारे थोडेच होते. परंतु आपल्याला लाभलेले हे सुख आपण एकट्याने भोगावे, ही गोष्ट त्यांच्या मनाला रुचेना. तिसाव्या वर्षापर्यंत विद्या व कला यांची उपासना करावी आणि त्यानंतरचे आयुष्य दुःखितांच्या सेवेस वाहावे, असा निश्चय त्यांनी तरुणपणीच केला होता.

१९०४ साली एका मिशनच्या मासिकात गाबोनमधील माणसांच्या हालअपेष्टांचे वर्णन त्यांच्या वाचनात आले. त्यांचा मार्ग ठरला. तिशी ओलांडलेला हा नामवंत अध्यापक वैद्यकाच्या वर्गात विद्यार्थी होऊन बसला. आप्तांनी व स्नेह्यांनी त्यांना वेड्यात काढले. मिशनच्या चालकांनाही त्यांची धर्ममते पसंत नव्हती. तेव्हा आपण उपदेश करणार नाही, केवळ रोग्यांवर उपचार करू, असे वचन देऊन त्यांनी जाण्याची परवानगी मिळवली.

या निश्चयात त्यांना प्रथमपासून साथ होती ती हेलेन ब्रेसलाऊ यांची. एका नामांकित इतिहासकाराची ही कन्या स्ट्रासबुर्ग शहरातील अनाथ मुलांची देखरेख करीत असे. आल्बर्ट यांचा संकल्प कळताच त्यांनी रुग्णशुश्रूषेचे शिक्षण घेतले. १९१२ साली त्यांचा विवाह झाला व पुढील वर्षी दोघांनी आफ्रिकेची वाट धरली.

लांबारेनेस पोहोचताच रोग्यांची रीघ लागली. दवाखान्यास इमारत नव्हती. मग कोंबड्यांचे एक जुने खुराडे झाडून, धुऊन, भिंतींना चुना देऊन तेथे दवाखाना थाटण्यात आला. हिवताप, निद्रारोग, कुष्ठरोग, हत्तीरोग अशा व्याधींनी गांजलेले लोक शेकडो मैलांवरून होड्यांतून येत. पहिल्या नऊ महिन्यांत सुमारे दोन हजार रोगी तपासून झाले. शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देण्याचे काम हेलेन करीत. हत्यारे उकळणे, पट्ट्या धुणे, रोग्यांची शुश्रूषा करणे आणि शिवाय घर सांभाळणे हेही त्यांच्याकडेच असे. जोसेफ नावाचा एक स्थानिक गृहस्थ दुभाष्याचे काम करी. तो पूर्वी आचारी होता. म्हणून कोणा रोग्याचा पाय दुखत असला, तर उजवी तंगडी दुखते, असे खाटकाच्या भाषेत तो डॉक्टरांना सांगे!

पण हे कार्य निर्वेधपणे चालावयाचे नव्हते. १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. गाबोन फ्रेंचांच्या ताब्यात होते आणि श्वाइट्झर दांपत्य होते जर्मन प्रजाजन. त्यामुळे ज्यांच्यासाठी ते आले होते, त्यांच्याच दारी ते कैदी झाले. काही महिन्यांनी रोगी तपासण्याची मोकळीक मिळाली. परंतु १९१७ साली दोघांना फ्रान्समध्ये नेऊन छावणीत ठेवण्यात आले. १९१८ साली त्यांची सुटका झाली, तेव्हा दोघांचीही प्रकृती खालावली होती. डोक्यावर कर्जही होते.

१४ जानेवारी १९१९ रोजी, पित्याच्याच जन्मदिवशी, त्यांना कन्या झाली. तिचे नाव रेना. लांबारेने मात्र डॉक्टरांच्या मनातून जाईना. ऑर्गनच्या मैफली करून व व्याख्याने देऊन त्यांनी पैसा उभा केला. पण हेलेन यांना क्षयाने ग्रासले होते. तेथील हवा त्यांना सोसणार नव्हती. घरी लहान मुलगी होती. पतीला थांबवणे त्यांना अवघड नव्हते. त्यांनी थांबवले नाही. जे कार्य दोघांनी मिळून आरंभले, ते आता एकट्याने पुढे न्यावे, यास त्यांनी संमती दिली. १९२४ साली डॉक्टर हेलेन यांच्याविना निघाले. या त्यागाची किंमत हेलेन आणि रेना यांनी दीर्घ विरहाच्या रूपाने अनेक वर्षे मोजली.

लांबारेनेस जुना दवाखाना मोडकळीस आला होता. पुढे दुष्काळ व अतिसार यांनी हाहाकार उडवला. जागा अपुरी पडू लागली, तेव्हा डॉक्टरांनी नदीच्या काठाने काही अंतर वर जाऊन अरण्य तोडले व नवे रुग्णालय बांधले. १९२७ साली रोगी तेथे हलवण्यात आले. रोग्यांसोबत त्यांचे कुटुंबीयही तेथे राहत, रांधत. त्यामुळे रुग्णालयाला खेड्याचेच रूप आले.

दूर असूनही हेलेन यांनी कार्य सोडले नव्हते. अमेरिकेत जाऊन त्यांनी रुग्णालयाविषयी व्याख्याने दिली. त्यांचे आईवडील ज्यू असल्यामुळे हिटलरच्या राजवटीत त्यांना जर्मनी सोडावी लागली. दुसरे महायुद्ध भडकले असताना, १९४१ साली, वयाच्या बासष्टाव्या वर्षी हेलेन मोठ्या संकटांतून वाट काढीत लांबारेनेस पोहोचल्या व युद्ध संपेपर्यंत तेथेच राहिल्या. ज्या प्रकृतीने त्यांना मागे ठेवले होते, तिच्यावर त्यांच्या निर्धाराने मात केली.

१९५२ सालचे शांततेचे नोबेल पारितोषिक डॉक्टरांना मिळाले. ती रक्कम त्यांनी कुष्ठरोग्यांच्या वसाहतीसाठी खर्च केली. मोठ्या माणसांतही उणिवा असतात. स्थानिक लोकांना ते भाऊ मानीत. पण धाकटा भाऊ, बरोबरीचा नव्हे. या वृत्तीबद्दल त्यांच्यावर टीका झाली आणि ती अनाठायी नव्हती. मात्र सर्व जीवमात्रांविषयी आदर बाळगावा, हे तत्त्व त्यांनी आयुष्यभर आचरले, हेही तितकेच खरे.

१९५७ साली हेलेन यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी लांबारेनेस आणण्यात आल्या. १९६० साली गाबोन स्वतंत्र झाला. ४ सप्टेंबर १९६५ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, डॉक्टरांनीही तेथेच देह ठेवला. त्यांच्यानंतर रुग्णालयाची धुरा काही वर्षे रेना यांनी वाहिली. बालपणी ज्या कार्याने त्यांचे वडील त्यांच्यापासून दूर नेले होते, तेच कार्य त्यांनी आपले मानले.

ओगोवेच्या काठी पतिपत्नी आज शेजारी शेजारी विसावली आहेत. आयुष्यात ज्यांना एकत्र राहण्याचे दिवस थोडेच लाभले, त्यांना ही जागा मात्र कायमची लाभली.