उद्ध्वस्त जिवांना उभारी देणाऱ्या पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाईंची विद्वत्ता आणि त्यांचे धर्मांतर यांवर आजवर पुष्कळ लिहिले गेले. दुष्काळाने होरपळलेल्या शेकडो मुलींना त्यांनी पुन्हा आयुष्यात कसे उभे केले, याचे स्मरण मात्र क्वचितच केले जाते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा पत्करून पत्नीला संस्कृत शिकविले होते. त्याच माऊलीने, लक्ष्मीबाईंनी, लेकीला विद्या दिली. पुराणे सांगत हे कुटुंब तीर्थक्षेत्रे हिंडत असे. १८७४ मध्ये दुष्काळाने त्यांना गाठले. वडील, आई आणि पाठोपाठ थोरली बहीण अशी तिन्ही माणसे गेली. तेव्हा रमाबाई अवघ्या १६ वर्षांच्या होत्या. भाऊ श्रीनिवास याच्यासोबत त्या उपाशीपोटी गावोगाव पायी भटकल्या. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांचा गौरव केला, पण दैवाचे घाव थांबले नाहीत. १८८० मध्ये भाऊ गेला, तर १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी यांचे निधन झाले. पदरी तान्ही मनोरमा होती.

रमाबाई पुण्यास आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे अमेरिकेत बालवाडीच्या शिक्षणपद्धतीचा अभ्यास केला. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यास आले. १८९३ मध्ये धर्मांतराच्या प्रश्नावरून वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली परत नेल्या. रमाबाईंना शून्यातून पुन्हा सुरुवात करण्याची वेळ आली.

अशातच १८९६-९७ चा भीषण दुष्काळ पडला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० निराधार मुली व स्त्रियांना घेऊन आल्या. भूक म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगावे लागत नव्हते. पुण्यात प्लेगची साथ असल्याने केडगावच्या शेतजमिनीवर झोपड्या उभारून मुलींची सोय करण्यात आली. हेच मुक्तिसदन. १९०० च्या दुष्काळानंतर तेथील संख्या दीड हजाराच्या वर गेली.

अन्नवस्त्राने देह जगतो, मन उभे राहत नाही, हे रमाबाई जाणून होत्या. म्हणून चिमुकल्यांसाठी बालवाडी आणि मोठ्यांसाठी शाळा निघाली. शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना यांतून मुलींच्या हाताला काम मिळाले. शारदा सदनात शिकलेल्या विधवांनी या मुलींचे शिक्षण व संगोपन अंगावर घेतले. काल जी स्वतः आधार शोधत होती, ती आज दुसरीचा आधार झाली. अंध मुलींना ब्रेल लिपी शिकविण्याचे काम मनोरमाबाईंनी उभारले, तर समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन निघाले.

मुक्तिसदनाचे वातावरण उघडपणे ख्रिस्ती होते आणि त्यावरील आक्षेप अखेरपर्यंत शमले नाहीत. त्यांची नोंद इतिहासाने घेतलीच पाहिजे. पण ज्या मुलींना कोणीच वाली नव्हता, त्यांच्या दाराशी प्रथम कोण पोहोचले, याचीही नोंद हवी.

१९२१ मध्ये मनोरमाबाई गेल्या. एकुलत्या लेकीचे दुःख उरात घेऊनही रमाबाईंनी काम सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावातच त्यांची प्राणज्योत मालवली. भूकंप असो वा महापूर, आपत्तीनंतर मदतीचे ट्रक परततात आणि माणसे एकाकी उरतात. रमाबाईंचे खरे काम तेथूनच सुरू होत असे.