कै. डॉ. आनंदीबाई जोशी

आपल्या मुरबाड-शहापूरच्या शेजारी असलेल्या कल्याणच्या जोशी घराण्यातील यमुना ही कन्या १८६५ साली जन्मली. नवव्या वर्षी गोपाळराव जोशी यांच्याशी विवाह होऊन ती आनंदीबाई झाली. चौदाव्या वर्षी झालेला पुत्र उपचारांअभावी दहा दिवसांतच गेला. पुरुष वैद्यापुढे दुखणे सांगण्याच्या संकोचाने कित्येक स्त्रिया प्राणास मुकत, हेही आनंदीबाईंनी जाणले व वैद्यक शिकण्याचा निश्चय केला. पतीस मागे ठेवून १८८३ साली त्या अमेरिकेस गेल्या. प्राचीन हिंदूंचे प्रसूतिशास्त्र या विषयावर प्रबंध लिहून १८८६ साली त्यांनी एम्. डी. पदवी मिळविली. कोल्हापूरच्या रुग्णालयात नेमणूकही झाली. परंतु १८८७ च्या फेब्रुवारीत क्षयाने त्यांचा अंत झाला. वय अवघे एकवीस!

त्यांचे कार्य अपुरेच आहे. २०१८ ते २०२० या काळात महाराष्ट्रात दर १ लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावल्या. दूरच्या पाड्यावरील मातेच्या मृत्यूचीही नोंद व्हावी आणि रक्तस्राव, झटके की वाहनास झालेला विलंब, हे कारण शोधले जावे. तरच पुढची माता वाचेल. लेकीसुनांची गरोदरपणी वेळीच नोंदणी व रुग्णालयात बाळंतपण, हेच आनंदीबाईंचे खरे स्मरण होय.